पंप संपावर गेला तर?

मत्स्यालयाखालच्या कपाटात दडवलेल्या फिल्टरच्या टाकीला हौशी मंडळी ‘संप’ म्हणतात. शब्द इंग्रजी, मराठी कानाला मात्र भलताच ऐकू येतो. आणि गंमत म्हणजे ही टाकी घरी बांधताना सगळा हिशेब पंप संपावर गेला तर काय, याचाच करायचा असतो.

रचना साधी आहे. वरच्या टाकीत काठाशी आलेलं पाणी ओव्हरफ्लोमधून ओसंडतं, पाइपातून स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, काचेच्या पडद्यांनी पाडलेल्या कप्प्यांतून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो.

माझा पहिला संप मी हौसेने जवळजवळ काठोकाठ भरला होता. रात्री वीज गेली आणि सकाळी कपाटाचं दार फुगलेलं, फरशीवर तळं. पंप थांबला की पाणी वर चढवणाऱ्या पाइपातूनच ते उलटं खाली यायला लागतं, हा सायफन. पाइपाचं वरचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत तो थांबत नाही. वरची टाकी 90 सेंटिमीटर लांब आणि 45 रुंद असेल, तर पातळी अवघी 3 सेंटिमीटर उतरली तरी 12 लिटर पाणी खाली येतं. तोंड 10 सेंटिमीटर खोल बुडवलेलं असेल तर 40 लिटर! म्हणून ते तोंड पृष्ठभागालगत ठेवायचं, किंवा पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक भोक पाडायचं. भोकात शेवाळ किंवा गोगलगाय अडकतेच, त्यामुळे नुसत्या भोकावर विसंबू नये. उलटं येणारं सगळं पाणी मावेल एवढी जागा संपात रिकामी हवीच.

आता उलटा प्रसंग. पंप चालू आहे, पण खाली येणाऱ्या पाइपात पान अडकलंय. मग पंप शेवटचा कप्पा उपसून वरची टाकी भरत राहणार. वर काठापर्यंत 2 सेंटिमीटर जागा असेल, तर तिथे 8 लिटर मावतात. पंपाला उपसता येणारं पाणी त्याहून कमी हवं. म्हणजे शेवटचा कप्पा लहान ठेवायचा. पण बाष्पीभवनाने होणारी घटही याच कप्प्यात दिसते, बाकीच्यांची पातळी पडद्यांनी बांधलेली असते. कप्पा फार लहान केला तर दोन-चार दिवसांत पंप कोरडा पडून जळू शकतो. मी लहान कप्पाच पत्करतो आणि रोज पाणी घालतो.

या सगळ्या खटाटोपाचं फळ मधल्या कप्प्यात असतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही पुढे नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून त्यांना जागा म्हणजे क्षेत्रफळ. 10 सेंटिमीटरच्या घनाचं क्षेत्रफळ 600 चौरस सेंटिमीटर. त्याचे 1 सेंटिमीटरचे हजार तुकडे केले की तेच 6,000. स्पंज आणि सच्छिद्र सिरॅमिक रिंगा हेच करतात. त्यांच्या आधी गाळ अडवणारा कापडी सॉक हवा, नाहीतर छिद्रं बुजतात. वसाहत जमायला काही आठवडे लागतात. तोवर मासे बेताने सोडावेत.

पडदे चिकटवायला मत्स्यालयाचंच सिलिकॉन घ्या. बुरशीरोधक घातलेलं माशांना मारक ठरू शकतं. काचा टाकीच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद कापा, म्हणजे कडेला सिलिकॉनला जागा राहते. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

मासे सोडण्याआधी संप चालवा, आणि चालू असतानाच पंपाची पिन उपटा. पाणी चढत चढत जिथे थांबेल, तिथून काठापर्यंत चार बोटं तरी मोकळी असली पाहिजेत. नसतील तर थोडं पाणी काढा आणि पुन्हा करून बघा. जमलं की पंप सुरू करून शेवटच्या कप्प्यातली पातळी स्थिरावू द्या आणि तिथे मार्करने रेघ मारा. रोजचं पाणी त्या रेघेपर्यंतच.