लॅटिनो कलाकारांसाठीच्या मुद्राचित्रण रेसिडेन्सीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अडणाऱ्या जागा

अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांच्या, वस्त्यांमध्ये सामुदायिक छापकार्यशाळांची परंपरा अर्ध्या शतकाहून जुनी आहे. लॉस एंजेलिसमधील ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट’ ही संस्था १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिस्टर कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन ननने कार्लोस बुएनो, अंतोनियो इबान्येस आदी कलाकारांसह उभी केली, आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन सॅम कोरोनाडो यांनी १९९३ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे ‘सेरी प्रोजेक्ट’ सुरू केला. या परंपरेतील रेसिडेन्सीत, म्हणजे ठरावीक काळ संस्थेत काम करण्याच्या संधीत, निवडलेला कलाकार मास्टर प्रिंटरबरोबर (मुरलेल्या छपाईतज्ज्ञाबरोबर) काम करून स्क्रीनप्रिंटची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून काढलेल्या छापाची, मर्यादित आवृत्ती काढतो. नियम संस्थेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाची सूचना मुळातून वाचावी. अर्ज अडण्याच्या जागा मात्र सहसा त्याच असतात, आणि चांगले चित्रकार केवळ कागदांपायी मागे पडतात हे पाहून वाईट वाटते.

पहिली अडचण पात्रतेची. जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला खरे वाटणार नाही, पण लॅटिनो असल्याचा कोणताही सर्वसाधारण सरकारी दाखला अमेरिकेत मिळत नाही, त्यामुळे तो शोधत बसू नये. संघराज्य सरकारच्या १९९७च्या व्याख्येत मेक्सिकन, क्यूबन, पोर्टो रिकन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकी आणि इतर स्पॅनिश संस्कृतीशी नाते असलेल्या व्यक्ती येत, मग त्यांचा वंश कोणताही असो; ही व्याख्या २०२४ मध्ये सुधारली गेली. आणि हे नाते ज्याने त्याने स्वतःच सांगायचे असते. ते सांगण्याची जागा म्हणजे कलाकाराचे निवेदन. ‘मी लॅटिनो आहे’ एवढ्या एका वाक्याने तिथे भागत नाही. कुटुंब, गाव, भाषा, वस्तीतील काम यांपैकी चित्रांत प्रत्यक्ष काय उतरते ते लिहावे. ब्राझीलच्या कलाकारांची भाषा पोर्तुगीज असल्यामुळे त्यांना कुणी लॅटिनो धरते, कुणी धरत नाही. त्यांनी अर्जापूर्वी संस्थेला लेखी विचारावे. पोर्तुगीज आडनाव असलेल्या गोवेकरांना मात्र तेवढ्यावर पात्रता मिळत नाही. इतर समाजांतील कलाकारांना वाव असल्याचे सूचनेत स्पष्ट लिहिले असेल, तरच मराठी कलाकारांनी अर्ज करावा.

परिचयपत्र, कामाची छायाचित्रे आणि शिफारसपत्रे यांत अवघड काही नाही. छायाचित्र काचेशिवाय काढावे आणि सोबत माध्यम, वर्ष व माप द्यावे.

खरा कस लागतो तो प्रस्तावाला. बरेच जण एखादे पूर्ण झालेले तैलचित्र जोडतात आणि ‘याचे प्रिंट करायचे आहे’ असे लिहितात. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही, कारण स्क्रीनप्रिंटमध्ये प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा स्टेन्सिल (शाई कुठे उतरावी ते ठरवणारा साचा) करावा लागतो आणि सगळे रंग कागदावर नेमक्या जागी बसवावे लागतात. एक जरी रंग केसभर सरकला तरी आकृतीच्या कडेला पांढरी रेघ दिसते. वेळ ठरावीक असतो. म्हणून किती रंग लागतील, कोणता आधी छापायचा, कुठे पारदर्शक शाई वापरायची हे प्रस्तावात लिहावे. पिवळ्यावर पारदर्शक निळा छापला की हिरवा आपोआप मिळतो आणि एक स्टेन्सिल वाचतो. असे एक वाक्यही कलाकाराने छपाईच्या अंगाने विचार केल्याचे दाखवते. पूर्वी प्रिंट केले नसेल तर तसे सरळ सांगावे, कारण मास्टर प्रिंटर त्यासाठीच असतो, आणि खोटा अनुभव पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

निवड झाल्यावर मानधनासाठी ‘डब्ल्यू-९’ हा अमेरिकी कर खात्याचा फॉर्म मागतात, आणि इथे माणसे रडकुंडीला येतात. त्यात करदाता क्रमांक लागतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल आणि तो मिळण्याची पात्रताही नसेल, तर ‘डब्ल्यू-७’ फॉर्म भरून आयटिन हा त्याऐवजीचा करदाता क्रमांक घ्यावा लागतो. तो अर्ज, काही अपवाद सोडले तर, कर विवरणपत्रासोबतच द्यावा लागतो. सोबत मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत हवी. पासपोर्ट टपालाने पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहायला लावणे हा सामान्य माणसाचा छळ आहे, आणि तो टाळता येतो : कर खात्याने मान्यता दिलेले ‘सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट’ पासपोर्ट समोर तपासून परत देतात. उत्तराला साधारण ७ आठवडे लागतात, विवरणपत्रांच्या हंगामात त्याहून जास्त. म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच चौकशीला लागावे. सलग ३ वर्षे विवरणपत्रात न वापरलेला क्रमांक बाद होतो, हेही तपासावे. हा क्रमांक म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. करदृष्ट्या अनिवासी असलेल्यांचा फॉर्मही वेगळा आहे. पर्यटक व्हिसावर असलेल्यांनी मानधन घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावेच. पोर्टो रिकोचे लोक जन्माने अमेरिकी नागरिक असल्याने त्यांना व्हिसाचा प्रश्न येत नाही.

नावाचा घोळही इथेच होतो. लॅटिन अमेरिकेतील पुष्कळ लोकांना वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे असतात. पासपोर्टवर दोन्ही, चित्रावर एकच, बँकेत तिसरेच काही. कराच्या फॉर्मवर विवरणपत्रातले नावच लिहावे आणि चित्रावरचे नाव परिचयपत्रात द्यावे.

मुदतीबाबत एवढेच, की ‘१५ तारखेचे १२ ए.एम.’ म्हणजे १४ तारखेची रात्र संपण्याचा क्षण. १५ तारखेला दिवसभर अर्ज करता येईल असे समजणाऱ्यांचे अर्ज दरवेळी बुडतात. लॉस एंजेलिसचे घड्याळ ऑस्टिनच्या २ तास मागे असते, तेव्हा वेळ कुठली ते पाहावे. पोर्टलवर मसुदा जतन झाला म्हणजे अर्ज पोहोचला असे नाही. पोच देणारा ईमेल येईपर्यंत निश्चिंत होऊ नये.

सही करण्यापूर्वी करार नीट वाचावा. आवृत्तीतील प्रती कलाकार आणि संस्था यांच्यात वाटल्या जातात, आणि संस्था आपल्या वाट्याच्या प्रती विकून पुढच्या कलाकारांचा खर्च भागवू शकते. ही पद्धत न्याय्य आहे. मात्र कोणाकडे किती प्रती राहतील, कलाकाराच्या आणि छापणाऱ्याच्या प्रुफांची (आवृत्तीच्या क्रमांकांबाहेरच्या प्रतींची) संख्या किती, प्रतिमेचा स्वामित्वहक्क कोणाकडे आणि छपाई संपल्यावर स्टेन्सिल पुसले जातील का, या चार गोष्टी करारात नसतील तर त्या लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.