कमरेवरची पांढरी पट्टी

पिंजऱ्यातल्या काठीवर दोन पक्षी खेटून बसले आहेत. दोघंही चिमणीहून लहान. मातकट पाठ, मळकट पांढरं पोट, काळी टोकदार शेपटी आणि चांदीवर निळसर छटा चढावी तशी जाड चोच. एक आपल्या माळावरची पांढऱ्या कंठाची मनोली, दुसरी तिची आफ्रिकेतली चुलत बहीण. दुकानात दोघींनाही ‘सिल्व्हरबिल’ म्हणतात. फरक बघायचा तर पक्षी उडेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर हातात धरून मिटलेले पंख जरा बाजूला सारावे लागतात. आपल्या मनोलीच्या कमरेवर, म्हणजे शेपटीच्या मुळाशी, पिसं पांढरी असतात. आफ्रिकेतलीच्या काळी. शिवाय तिच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा असतात, पण त्या दिसायला पक्षी डोळ्यांजवळ हवा. आज भारतात या बोटभर पट्टीवर बरंच काही ठरतं. पाळलेला पक्षी कायद्यात बसतो की नाही, हेसुद्धा.

हा घोळ आजचा नाही, आणि त्याची सुरुवात रानात नाही, बंदरावर झाली. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 साली आपल्या मनोलीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात ‘मलबारिका’ हा शब्द घातला. प्रत्यक्षात हा पक्षी कोरड्या मुलखाचा. बाभळी-बोरीची झुडपं, गवताळ माळ, पडीक शेतं ही त्याची जागा. सुगरणीने सोडून दिलेलं घरटं मिळालं तर त्यातच तो संसार थाटतो. मलबारच्या ओल्या, दाट झाडीच्या किनाऱ्याशी त्याचं फारसं जमत नाही. पण युरोपातल्या अभ्यासकाच्या टेबलावर पक्षी यायचा तो जहाजातून. जहाज जिथून निघालं, तेच त्याचं गाव.

एकदा हे लक्षात आलं की बाकीची नावंही उलगडतात. लाल मनोलीचं शास्त्रीय नाव ‘अमांडावा’. हा अहमदाबादचा अपभ्रंश, कारण पिंजऱ्यात भरलेल्या लाल मनोल्या तिथून बाहेर जात. तेही 1758 सालचंच. काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या पोटाच्या तिरंगी मनोलीला 1766 साली ‘मलाक्का’ हे नाव मिळालं. तिचं घर मात्र भारत आणि श्रीलंका. मलाक्काच्या बाजूला दिसते ती तिची पोटाखालीही तपकिरी असलेली बहीण, आणि तिचं नाव वेगळं आहे! या दोघी पुढे कित्येक वर्षं एकाच जातीच्या मानल्या गेल्या आणि अलीकडे पुन्हा वेगळ्या झाल्या. सिल्व्हरबिलच्या जोडीचंही तसंच. आफ्रिकेतलीला 1789 मध्ये ‘कांटान्स’, म्हणजे गाणारी, असं स्वतंत्र नाव मिळालं होतं. तरी विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक तज्ज्ञ दोघींना एकच जात धरत. 1964 साली इंग्लंडमधले कॉलिन हॅरिसन यांनी पिसांच्या पुढे जाऊन त्यांचं गाणं आणि मादीसमोरच्या नराच्या हालचाली तपासल्या, आणि या दोन जाती आहेत असं मांडलं. दक्षिण अरबस्तानात दोघींचे प्रदेश एकमेकांना भिडतात, म्हणून हा प्रश्न कागदापुरता नव्हता.

सगळ्यात मजेशीर नाव मात्र बेंगालीज फिंचचं. तपकिरी-पांढरा, ठिगळं लावल्यासारखा दिसणारा, कुणाशीही जमवून घेणारा हा पक्षी रानात कुठेच नाही. तो माणसाने घडवलेला आहे, आणि बंगालशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा मूळ पुरुष म्हणजे पांढऱ्या पाठीची मनोली. ही मनोली आपल्या सह्याद्रीतही आहे, पण पाळीव वाण तयार झाला तो तिच्या चीनकडच्या उपजातीपासून. अठराव्या शतकात हे पक्षी चीनमधून जपानात गेले. तिथल्या पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कशाची निवड केली? रंगाची तर केलीच, पण त्याहून जास्त चांगल्या आई-बापाची. जी जोडी अंडी सोडून उठत नाही, दुसऱ्याची पिल्लंही भरवते, तिचीच संतती पुढे ठेवायची. जपानी भाषेत त्याला ‘जुशिमात्सु’ म्हणतात. नाव लिहिताना वापरलेल्या चिन्हांचा अर्थ होतो दहा बहिणी. एका घरट्यात दाटीवाटीने झोपणारी ही मंडळी पाहिली की ते नाव पटतं.

1860 च्या सुमारास हे पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचले आणि युरोपीय तज्ज्ञ बुचकळ्यात पडले. असा पक्षी कुणी रानात पाहिलेला नव्हता. मग तर्क सुरू झाले. सिल्व्हरबिल आणि दुसऱ्या एखाद्या मनोलीचा हा संकर असावा, हे मत बराच काळ टिकून होतं. पुढे शरीर, वागणूक आणि गाणं यांची तुलना झाली तेव्हा संकराची कल्पना मागे पडली. जपानच्या काझुओ ओकानोया यांच्या अभ्यासातून तर आणखी एक गोष्ट दिसली. रानातल्या मूळ पक्ष्याचं गाणं ठरावीक चाकोरीतलं असतं, पिंजऱ्यातल्याचं त्याहून गुंतागुंतीचं. ज्याला आपण निव्वळ दुकानातला पक्षी समजतो, तो गाणं कसं शिकलं जातं याच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला.

हे गाणं घरी पाळणाऱ्याच्याही कामाचं आहे. मनोल्या, सिल्व्हरबिल, बेंगालीज यांत नर-मादी दिसायला सारखेच. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचमध्ये नराच्या गालावर नारिंगी-तपकिरी ठिपका असतो, त्यामुळे तिथे नवखाही चुकत नाही. इथे मात्र मान ताठ करून, पिसं फुलवून गाणारा तो नर, एवढीच खात्रीची खूण. ‘जोडी’ म्हणून घेतलेल्या दोन माद्या वर्षभर फुकट अंडी घालत बसल्याची उदाहरणं कमी नाहीत. लाल मनोलीचा नर तर विणीचा हंगाम सरला की लाल रंग उतरवून मादीसारखा होतो. आणि ठिपकेवाली असो की तिरंगी, मनोल्यांची पिल्लं सगळी एकजात मातकट. चोचीच्या छटेवरून अंदाज बांधायचा, नाहीतर पहिल्या पिसझडीपर्यंत धीर धरायचा.

बेंगालीजच्या चांगुलपणाचा फायदा पाळणाऱ्यांनी पुरेपूर घेतला. ऑस्ट्रेलियातल्या गुल्डियन फिंचसारख्या महागड्या, अंडी अर्ध्यावर सोडणाऱ्या पक्ष्याची अंडी बेंगालीजखाली सरकवायची आणि गुल्डियनला लगेच दुसऱ्यांदा अंड्यावर आणायचं, ही रीत जगभर पसरली. खरं तर या कुळातल्या पिल्लांच्या तोंडात प्रत्येक जातीची वेगळी नक्षी असते. गुल्डियनच्या पिल्लाच्या चोचीच्या कडांवर तर निळसर चमकदार मणी असतात. तरी बेंगालीज तेही तोंड भरवते. पण याची किंमत पुढच्या पिढीत चुकवावी लागते. जर्मन संशोधक क्लाउस इम्मेलमान यांनी 1960 च्या दशकात झेब्रा फिंचची पिल्लं बेंगालीजकडे वाढवली. मोठे झालेले नर स्वतःच्या जातीच्या माद्या सोडून बेंगालीज माद्यांसमोर गाऊ लागले. ज्याने वाढवलं, ती आपली जात, असा हा हिशेब. एकसारख्या दिसणाऱ्या जाती एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवल्या की संकर का होतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे पर्यायच नसणं.

असे संकर पुढे कसे निघतात याचाही एक जुना नियम आहे. आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 साली दाखवून दिलं की दोन जातींच्या संकरात बाधा येते ती बहुधा ज्या लिंगाची दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात त्याला. पक्ष्यांत ती मादी. म्हणून संकरित माद्या बऱ्याचदा वांझ निघतात आणि नर मात्र बाप होऊ शकतात. (हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन इथलेच झाले.) नर वंश पुढे नेतो, म्हणूनच भेसळ मुरते. तीन-चार पिढ्यांनी कमरेवरचा रंग पाहून कुळ सांगणं अवघड होतं. दोन्ही सिल्व्हरबिल एका पिंजऱ्यात ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, ते याचमुळे.

आता कायद्याकडे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मनोल्या चौथ्या अनुसूचीत होत्या आणि सुरुवातीला काही पक्ष्यांचा व्यापार परवान्याने चालत असे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत टोपल्याच्या टोपल्या मनोल्या येत. गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून त्या हिरव्या-पिवळ्या रंगवूनही विकल्या जात. 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. ऑस्ट्रेलियाने तर आपल्या पक्ष्यांची निर्यात 1960 सालीच थांबवली होती. पण तोवर झेब्रा आणि गुल्डियन जगभरच्या पिंजऱ्यांत रुळले होते. भारतातल्या दुकानांतून देशी मनोली गेली तेव्हा तिची जागा या परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांनी घेतली. म्हणूनच आज पुण्या-मुंबईतल्या मुलाला झेब्रा फिंच ओळखता येते, गावाबाहेरच्या माळावरची मनोली नाही.

2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या आणि साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या कराराच्या, यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. तिचे नियम 2024 मध्ये आले. जावा स्पॅरो त्या यादीत आहे, झेब्रा आणि बेंगालीज नाहीत. मधली अडचण सिल्व्हरबिलची. आफ्रिकेतली परदेशी, आपली संरक्षित, आणि विकणारा दोघींना एकच नाव देतो. तशीच अडचण गडद, एकरंगी बेंगालीजची. ठिगळं नसलेला तो पक्षी आणि सह्याद्रीतली पांढऱ्या पाठीची मनोली लांबून पाहिली तर बेमालूम सारखी दिसतात. फक्त इथे पांढरी कंबर उपयोगाची नाही, कारण ती दोघांनाही असते. मग पायात पिल्लूपणी घातलेली बंद रिंग आहे का ते बघावं लागतं. ती मोठ्या पक्ष्याच्या पायात नंतर चढवता येत नाही, म्हणून ती असली तर पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेला समजायचा.