भाकिताच्या पत्त्यामागचे हात

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे रमीचा डाव मोडला की कुणीतरी एकवीस पत्ते मोजून तीन रांगांत मांडायचं. मनात एक पत्ता धर आणि तो कुठल्या रांगेत आहे तेवढंच सांग. ती रांग दोन रांगांच्या मधे घालून पत्ते उचलायचे आणि परत मांडायचे. असं तीनदा झालं की मनातला पत्ता बरोबर अकरावा निघायचा. आपल्याला ही जादू घरचीच वाटते. पण तीन गड्ड्यांची ही युक्ती फ्रान्सच्या बाशेने 1612 साली छापलेल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात आहे, आणि पुढे जेर्गोन या गणितज्ञाने सत्तावीस पत्ते घेऊन तिचा हिशेब नीट मांडला.

ही झाली शोधाची जादू. भाकिताची जादू तिच्यापेक्षा अवघड असते. तिथे उत्तर आधी लिहायचं, चिठ्ठी घडी घालून प्रेक्षकाच्याच हातात द्यायची आणि मग त्याला पत्ते मनासारखे हाताळू द्यायचे. अशी जादू स्वतः बसवणारी मंडळी आता बरीच आहेत, आणि 'ही माझी' म्हणून ती इतरांना दाखवतात, शिकवतात. मला त्याचा आनंदच आहे. फक्त 'माझी' म्हणण्याआधी तिच्या मागची वाट बघून यावी, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत पत्त्यांची हातचलाखी छापून सांगण्याची सुरुवात एका गंभीर कारणाने झाली. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने 1584 मध्ये चेटूक मानण्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. चेटकीण ठरवून निरपराध बायकांचा छळ चालला होता. लोक ज्याला करणी समजतात ती निव्वळ युक्ती असू शकते, हे पटवण्यासाठी त्याने पत्त्यांचे आणि नाण्यांचे खेळ उलगडून दाखवले. म्हणजे गुपित सांगणं ही तिथे माणुसकीची बाजू होती.

विसाव्या शतकात जादूगारांची स्वतःची मासिकं निघाली. थिओडोर अ‍ॅनेमनच्या 'द जिंक्स'मधून 1934 ते 1941 या काळात मनकवडेपणाचे आणि भाकिताचे कितीतरी खेळ जादूगारांपर्यंत पोचले. त्यानंतरचा, 1958 सालचा एक शोध मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नॉर्मन गिलब्रेथ हा कॅलिफोर्नियातला गणिताचा विद्यार्थी. 'द लिंकिंग रिंग' या जादूगारांच्या मासिकात त्याने एक साधी गोष्ट मांडली.

एक लाल, एक काळा, परत लाल, परत काळा, असे बावन्न पत्ते लावून ठेवा. गड्डी पालथी धरून वरून एकेक पत्ता खाली टाकत जा आणि प्रेक्षक म्हणेल तिथे थांबा. आता दोन गड्ड्या झाल्या. दोन्हींच्या कडा अंगठ्यांनी फडफडवून त्या एकमेकींत एकदा मिसळा. मग वरून दोन-दोन पत्ते काढा. प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळा निघणारच! चिठ्ठीत हेच आधी लिहून ठेवता येतं.

असं का होतं? दोन्ही गड्ड्यांच्या तळाचे पत्ते वेगळ्या रंगांचे असतात. समजा पहिला लाल पडला. त्याच क्षणी दोन्ही तळांना काळाच येतो, म्हणून दुसरा पत्ता कुठूनही पडो, काळाच पडणार. तो पडला की तळ पुन्हा वेगवेगळ्या रंगांचे. टेबलावर सावकाश करून बघा, बोटांखाली ते घडताना दिसतं. एक अडचण मात्र आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत पत्ते हातावरच पिसतात, आणि तसं पिसलं की सगळी मांडणी मोडते. म्हणून मिसळायचं कसं ते प्रेक्षकाला आधी दाखवावं लागतं.

याच तत्त्वावर पुढे असंख्य खेळ उभे राहिले. जादूगार आणि गणितज्ञ पर्सी डायकोनिस व त्याचा सहकारी रॉन ग्रॅहम यांनी तर त्याचा धागा मँडेलब्रॉट संच या गणितातल्या प्रसिद्ध आकृतीपर्यंत नेला.

भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन क्रुस्कालची मोजणी आणखी वेगळी. गणिती करमणुकीचं सदर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी 1978 मध्ये ती 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात आणली. प्रेक्षक मनात एक ते दहापैकी आकडा धरून पिसलेल्या पत्त्यांत तितकी घरं पुढे जातो, तिथल्या पत्त्याच्या किमतीइतकी आणखी पुढे, असं शेवटपर्यंत. जादूगारही मनात आपला एक आकडा धरून तसंच मोजत जातो. वेगवेगळ्या आकड्यांनी निघालेल्या वाटा बहुतेक वेळा मधेच एकत्र येतात. चित्राच्या पत्त्यांना पाच मोजले तर शेवटचा पत्ता सुमारे 85 टक्के वेळा बरोबर सांगता येतो. उरलेल्या वेळी चुकतो, आणि ते पत्करूनच ही जादू करायची असते.

आपली जादू दुसऱ्याने उचलली तर कायद्याची मदत तोकडी पडते. अमेरिकेत टेलर या जादूगाराच्या सावली आणि गुलाबाच्या प्रयोगाची नक्कल झाली, तेव्हा 2014 मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण संरक्षण मिळालं ते मूकनाट्य म्हणून. नुसत्या युक्तीवर तसा हक्क सांगता येत नाही. म्हणून या क्षेत्रात श्रेयाची रीत जपावी लागते. हौशी जादूगार पॉल करी याने खुल्या भाकिताचं कोडं घातलं: पत्त्याचं नाव सुरुवातीलाच सर्वांसमोर जाहीर करायचं, प्रेक्षकाने पत्ते उघडे टाकत जायचं, वाटेल तो एक पालथा ठेवायचा, आणि तोच जाहीर केलेला निघायला हवा. इतक्या वर्षांनीही त्यावर नवी उत्तरं येतात, आणि नीट वागणारे लोक करीचं नाव आधी घेतात.

मीही एक जादू बसवली आहे. एक्का ते नव्वीपैकी चार पत्ते प्रेक्षक काढतो, चारही सारखे नकोत. समजा सत्ती, दुर्री, पंजी, एक्का आले. त्यांची मोठ्यात मोठी संख्या 7521, लहानात लहान 1257, वजाबाकी 6264. त्याच आकड्यांचं परत तसंच केलं की 6642 वजा 2466, म्हणजे 4176. पुन्हा 7641 वजा 1467. आले 6174! कुठलेही चार पत्ते घ्या, फार तर सात पायऱ्यांत हाच आकडा येतो, आणि माझ्या चिठ्ठीत तो आधीच लिहिलेला असतो. हे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी 1949 मध्ये शोधलं. गार्डनर यांनी 1975 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जग त्यांना ओळखू लागलं. पत्त्यांची मांडणी आणि बोलणं माझं आहे. ही जादू मी कुणालाही लिहून देतो तेव्हा कागदाच्या डोक्यावर पहिली ओळ असते: 'कापरेकर, देवळाली.'