हातउसने, पाटल्या आणि आरबीआय

माझा मामा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो, मोठा नाही, लूम मोजकेच. दर शनिवारी कामगारांचा पगार वाटायचा असतो आणि नेमकं शनिवारीच पार्टीचा फोन येतो, 'शेठ, पेमेंट सोमवारी टाकतो.' मग मामा शेजारच्या शेडमधल्या अण्णांकडं जातो, ते कपाट उघडून साठ हजार काढून देतात, ना कागद ना व्याज, सोमवारी संध्याकाळी परत. हातउसने. मामा तोट्यात नाही बरं का, माल गेलाय, पैसे येणारेत, फक्त आज हातात नाहीत.

बँकांचंही रोज हेच चालतं. त्याला मनी मार्केट म्हणतात, पुस्तकी मराठीत नाणेबाजार. एका रात्रीपासून एक वर्षापर्यंतची उसनवारी इथं होते. एका रात्रीची, काही गहाण न ठेवता केलेली ती कॉल मनी. सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे थोड्या मुदतीचे कर्जरोखे, विकून उसने घेतं, मोठ्या कंपन्या कमर्शियल पेपर काढतात, म्हणजे काही गहाण न ठेवता दिलेली थोड्या मुदतीची वचनचिठ्ठी. कुणी काय करायचं याचे नियम आरबीआयचे, म्हणजे कॉल मनीत फक्त बँका आणि प्रायमरी डीलर (सरकारी रोख्यांचे परवानाधारक व्यापारी), तुम्ही आम्ही नाही, कंपन्याही नाहीत.

आता बँकेला पैसे कमी का पडावेत? पहिलं कारण सीआरआर, ठेवींचा ठरलेला हिस्सा आरबीआयकडं ठेवावाच लागतो, पंधरवड्याची सरासरी जमवायची आणि रोज त्या ठरलेल्या रकमेच्या किमान ९० टक्के तरी असायलाच हवेत. दुसरं कारण आपणच. गड्ड्याच्या जत्रेला एटीएमपुढं लाईन लागते, तो सोलापूरपुरता थेंब झाला, पण दिवाळीत अख्खा देश नोटा काढतो तेव्हा तेवढा पैसा बँकांतून निघून लोकांच्या खिशात जातो. तिसरं कारण मला सगळ्यात भारी वाटतं. १५ मार्चला अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरला की पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही, सरकारचं खातं आरबीआयमध्ये असल्यामुळं तो बँकांच्या गल्ल्यातूनच बाहेर पडतो, आणि सरकार खर्च करेपर्यंत परत येत नाही. म्हणजे सगळ्याच बँका एकदम टाईट.

मामाचं एका मार्चएंडला अगदी असंच झालं होतं. अण्णांकडं नाहीत, पलीकडच्या सूतवाल्याकडं नाहीत, अख्ख्या लाईनीत कुणाकडंच नाहीत. शेवटी मामीच्या पाटल्या गहाण पडल्या.

आरबीआयचा रेपो म्हणजे या पाटल्याच. बँक सरकारी रोखे देते, रोकड घेते, ठरल्या दिवशी रेपो दरानं व्याज देऊन रोखे सोडवून आणते. फरक एवढाच की ही सावकारीण पैसे स्वतः निर्माण करू शकते, तिचं कपाट कधी रिकामं होत नाही. बरं, तातडीची गरज असेल तर रेपोपेक्षा पाव टक्का जास्त देऊन एमएसएफमधून रात्रीपुरते घ्या, ही सोय २०११ पासूनची. उलट पैसे जास्त झालेत? पाव टक्का कमी व्याजानं आरबीआयकडं ठेवा, ते एसडीएफ, २०२२ पासून. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला, म्हणजे खाली ५ आणि वर ५.५०. आता दुसऱ्या बँकेला ६ टक्के कोण देईल, किंवा ४.५ नं कोण उसने देईल? म्हणून कॉलचा दर बहुतेक वेळा या दोघांच्या मधेच खेळतो, दम द्यायची गरज पडत नाही.

कधी कधी आरबीआय मुद्दाम हात आखडतेही. जुलै २०१३ मध्ये रुपया घसरायला लागला तेव्हा रेपो ७.२५ वरच ठेवून एमएसएफ एकदम १०.२५ वर नेला, कारण स्वस्त रुपये उसने घेऊन डॉलर घेणं परवडू नये. नोटाबंदीत उलटीच गंमत, बँकांत पैशाचा पूर आला आणि तो जिरवायला २६ नोव्हेंबर २०१६ ला वाढीव ठेवींवर काही दिवसांसाठी १०० टक्के सीआरआर लावला.

आणि कोविडमध्ये, एप्रिल २०२० ला, एका म्युच्युअल फंड कंपनीनं सहा डेट स्कीम (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या योजना) बंद केल्या तशी लोकांची पैसे काढायची घाई सुरू होईल अशी भीती पसरली. आरबीआयनं चार दिवसांत म्युच्युअल फंडांसाठी, बँकांमार्फत, ५०,००० कोटींची खिडकी उघडली. गंमत म्हणजे त्यातले फार थोडेच उचलले गेले. कपाट उघडं आहे हे दिसलं की निम्मी घाबरगुंडी तिथंच संपते, अण्णा गावाला गेलेत कळल्यावर मामाचं बीपी वाढतं तसंच हे, फक्त उलट बाजूनं.

मामाला यातलं काही सांगितलं की तो म्हणतो, 'माझ्या सीसीचं व्याज किती कमी होणार ते सांग.' सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज. तर ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी छोट्या उद्योगांना बदलत्या व्याजानं दिलेली नवी कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या एखाद्या दराला, जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, आणि त्यांचं व्याज तीन महिन्यांतून एकदा तरी त्याप्रमाणं बदलावं लागतं. मामाचं सीसी खातं त्याच्या आधीचं, जुन्या पद्धतीतलं निघालं. आता पुढच्या आठवड्यात बँकेत जाऊन ते बदलून घ्यायचंय, मार्चएंडच्या आत.