पॅनलला प्रकाश हवा, ताप नको

‘ऊन जितकं कडक, तितकी सोलरची वीज जास्त’ हा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. इंदूरजवळ, चोरलच्या बाजूला शेतावर विजेच्या जोडणीविना घर बांधणारे आमचे स्नेहीही हाच हिशेब धरतात. साहजिक आहे, आपल्याला ऊन आणि ताप एकत्रच जाणवतात. पॅनल मात्र प्रकाशावर चालतं आणि तापलं की ढिलं पडतं.

पॅनलचे वॉट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यावर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट. मे महिन्यातल्या दुपारी पॅनल 65 अंशांवर गेलं, तर वरच्या 40 अंशांपायी सुमारे 14 टक्के वीज गेली. पॅनलच्या माहितीपत्रकात दर अंशाच्या घटीचा आकडा उणे चिन्हासह छापलेला असतो.

घरीच बघायचंय? लहान पॅनलची जोडणी काढा, भर दुपारी जाड चादरीनं अर्धा तास झाका. चादर काढल्याबरोबर व्होल्ट मोजायला मल्टीमीटर लावा. ऊन तेच, पण पॅनल तापेल तसे व्होल्ट खाली सरकताना दिसतील.

म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नका, तडा जाऊ शकतो. बाकी माळव्यातली खरी ओढाताण मे महिन्यात नाही, श्रावणातल्या झाकोळात होते.