एक्ससीएफ, बर्कली

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदवीच्या विद्यार्थ्यांनी १९८६ साली सुरू केलेले संगणक मंडळ. ‘एक्स्पेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ हे त्याचे पूर्ण नाव. ते फारसे कोणाच्या कानावर नसते, पण आद्याक्षरे अनेकांच्या नजरेखालून गेलेली असतात. गिम्प या चित्रसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये काम जतन केले की फाइलच्या नावाला टिंब देऊन एक्स, सी, एफ ही शेपटी लागते. ती या मंडळाची.

बर्कलीत संगणकाची विद्यार्थी मंडळे आणखीही आहेत. १९८९ साली निघालेली ‘ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी’ विद्यापीठातल्या कोणालाही संगणक, खाते आणि छपाई उपलब्ध करून देते. ते सेवेचे काम झाले. एक्ससीएफचा पिंड वेगळा: आपल्याला हवे असलेले काही बाजारात मिळत नसेल, तर ते आपणच करून पाहायचे. अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

मंडळाची पहिली मोठी कसोटी २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री लागली. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे यंत्रायंत्रांत स्वतःच पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरील युनिक्स या कार्यप्रणालीची यंत्रे एकामागून एक लोळवत होता. बर्कली हे युनिक्सच्या एका प्रमुख शाखेचे माहेर, आणि त्या आठवड्यात तिथे युनिक्स तज्ज्ञांची कार्यशाळाही भरली होती. त्यांच्या आणि विद्यापीठातील प्रोग्रॅमरांच्या बरोबरीने एक्ससीएफचे विद्यार्थीही रात्रभर बसले आणि त्या प्रोग्रॅमची उकल करण्यात त्यांनी हातभार लावला. मंडळाचे एक संस्थापक फिल लॅप्सली त्यांत होते. यूझनेट या संगणकीय चर्चामंचावरील बातम्या यंत्रायंत्रांत पोचवणाऱ्या एनएनटीपी या नियमावलीचे ते एक कर्ते. ती १९८६ चीच.

मंडळातील पेइ-युआन वेइ या विद्यार्थ्याची गोष्ट अधिक नाट्यमय आहे. एकमेकांना जोडलेल्या कार्डांवर माहिती मांडणाऱ्या ॲपलच्या ‘हायपरकार्ड’ या प्रोग्रॅमची पुस्तिका वाचून त्यातल्या कल्पना त्याला युनिक्सवर आणाव्याशा वाटल्या. त्यातून ‘व्हायोला’ ही भाषा आली आणि १९९२ मध्ये तिच्यावर बेतलेला ‘व्हायोलाडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हा ब्राउझर. वेबच्या त्या बाल्यावस्थेत तो वेब जिथे जन्मले त्या सर्न या संस्थेतही वापरला गेला. पानाच्या आतच एखादा छोटा प्रोग्रॅम चालवण्याची सोय त्यात होती. मे १९९३ मध्ये वेइने ती सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांना करून दाखवली. पुढे मोझेइक हा ब्राउझर आला आणि लोकांना व्हायोलाचा विसर पडला.

तो पुन्हा आठवला तो कोर्टात. वेबपानात प्रोग्रॅम बसवण्याच्या कल्पनेचे पेटंट १९९४ मध्ये मागितले गेले आणि १९९८ मध्ये मिळाले. त्या पेटंटचा परवाना असलेल्या इओलास कंपनीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये ज्यूरीने ५२ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरवली. तीच कल्पना आधी दाखवणाऱ्या व्हायोलाचा पुरावा ज्यूरीपुढे यायला हवा होता, असे २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने म्हटले. पुढे त्या दोघांत तडजोड झाली. गुगल, ॲमेझॉन आदींवरच्या नंतरच्या दाव्यात २०१२ साली टेक्सासमध्ये वेइने स्वतः साक्ष दिली, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही दिली, आणि ज्यूरीने पेटंटचे दावे अवैध ठरवले. गंमत अशी की पेटंटचे मालक कॅलिफोर्निया विद्यापीठच होते. एका शाखेतील विद्यार्थ्याने हौसेने केलेले काम दुसऱ्या शाखेच्या पेटंटवर उलटले.

गिम्पचा जन्म मात्र वैतागातून झाला. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) विषयासाठी लिस्प भाषेत प्रकल्प करत होते. झोप नव्हती. एका पहाटे, साध्याशा व्याकरणाचा पार्सर, म्हणजे मजकूर व्याकरणानुसार उलगडणारा भाग, बनवायला लागणारी १७ मेगाबाइट मेमरी न मिळाल्याने लिस्पने मान टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि प्रकल्प सोडला. आता काहीतरी उपयोगाचे लिहायचे, आणि तेही सी भाषेत, असे ठरले. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांनी गिम्पची घोषणा केली आणि १९९६ च्या सुरुवातीला ०.५४ ही चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती आली. लॅरी युइंग यांनी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा पेंग्विन, टक्स, याच आवृत्तीत रंगवला.

त्या आवृत्तीची बटणे आणि मेनू ‘मोटिफ’ या विकाऊ संचातले होते. परवाना नसलेल्याला गिम्प स्वतः कंपाइल करता येईना. तेव्हा मॅटिसने बटणांचा संचच नवा लिहायला घेतला: जीटीके, म्हणजे गिम्प टूलकिट. चित्रासाठी केलेली ही चौकट चित्रापेक्षा मोठी ठरली. १९९७ मध्ये ग्नोम हा डेस्कटॉप उभारणाऱ्यांनी पाया म्हणून तीच घेतली, कारण तेव्हाच्या क्यूटी या पर्यायाच्या परवान्याबद्दल त्यांचा आक्षेप होता.

किंबल आणि मॅटिस शिक्षण संपवून बाहेर पडले तेव्हा गिम्प काही काळ पोरका झाला. विद्यार्थी मंडळांचा हा जुना रोग आहे. दर चार वर्षांनी घर रिकामे होते. इथे प्रोग्रॅमचा मूळ स्रोत सर्वांना खुला असल्याने दूरदूरच्या लोकांनी काम पुढे नेले आणि १९९८ मध्ये १.० आवृत्ती निघाली. त्या दोघांनी पुढे २०१५ मध्ये तिसऱ्या सहकाऱ्यासह कॉक्रोच लॅब्ज ही डेटाबेस कंपनी काढली.

मराठी वापरणाऱ्याचा या साऱ्याशी संबंध जीटीकेच्या दुसऱ्या पिढीपासून येतो. ‘किल्ला’ टंकताना क आधी आणि ह्रस्व वेलांटी नंतर दाबली जाते, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे दिसायला हवी आणि दोन ल जुळायला हवेत. हे काम पँगो हे इतर प्रोग्रॅमांत बसवता येणारे अक्षरजुळणीचे साधन करते. ते एक्ससीएफचे नव्हे, पण २००२ च्या जीटीके २.० मध्ये ते बसवले गेले आणि २००४ च्या गिम्प २.० मधील मजकुराच्या हत्याराने तेच वापरले. देवनागरीतले पोस्टर गिम्पमध्ये सरळ टंकून करणे त्यानंतर शक्य झाले. जोडाक्षरे वेगळी चित्रे म्हणून चिकटवत बसावी लागत नाहीत.