असेंबल की ब्रँडेड : कमी खर्चातल्या गेमिंग संगणकाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मोजक्या पैशांत गेम खेळण्याजोगा संगणक हवा असेल, तर सुटे भाग घेऊन तो जुळवावा की कंपनीचा तयार घ्यावा, हा प्रश्न आज बहुतांशी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे तयार करणारा भाग, आणि मेमरी यांच्या भावाभोवती फिरतो. मात्र असा प्रश्न मुळात पडू शकतो, याचे श्रेय आयबीएमच्या घाईला द्यावे लागते. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूला साधारण वर्षभरात वैयक्तिक संगणक बाजारात आणायचा होता. त्यामुळे त्यांनी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची प्रणाली आणि इतर पुरवठादारांचे तयार भाग उचलले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या या यंत्रात वाढीव कार्डांसाठी पाच खाचा होत्या आणि त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत परिपथांचे आराखडेही छापलेले होते. आयबीएमच्या खास मालकीचे म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते. होते ते बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच त्याच्या भागांना जागे करणारा, चिपमध्ये भरलेला मूळ प्रोग्रॅम. कॉम्पॅक या स्पर्धक कंपनीने त्याच्या तोडीचे बायॉस स्वतः लिहून घेतले, १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने तसेच बायॉस कोणालाही विकायला काढले आणि ती शेवटची कडीही निघाली. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या मालिकेतून हा बाजार पुन्हा आपल्या ताब्यात घेऊ पाहिला. पण तोवर भाग बनवणारे इतके झाले होते की बाजार तिच्यामागे गेला नाही.

भारतात या प्रश्नाला करांनी वेगळे वळण दिले. परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट सैल केली, तरी सीमाशुल्क, उत्पादनशुल्क आणि विक्रीकर मिळून कंपनीचा संगणक मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेरच राहिला. लहान उद्योगांना मात्र उत्पादनशुल्कात सवलत होती आणि सुटे भाग अनेक वाटांनी येत, त्यांतल्या सगळ्याच वाटा सरळ नव्हत्या. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे इलेक्ट्रॉनिक भागांचा व्यापार होताच. संगणक त्याच गाळ्यांत येऊन बसला. त्यामुळे ‘स्वतः बांधणे’ याचा आपल्याकडचा अर्थ अमेरिकेतल्यापेक्षा निराळा झाला. तिथे गिऱ्हाईक गॅरेजमध्ये पेचकस घेऊन बसे. इथे तो दुकानदाराकडून कागदावर कोटेशन घेई, त्यातल्या ओळी खोडून घासाघीस करी आणि जुळवणी दुकानातला मुलगा करी. बांधणे आणि विकत घेणे यांच्या मधला हा तिसरा मार्ग होता, आणि बहुसंख्य लोक त्याच मार्गाने गेले.

जुळवणी परक्या हाती सोपवण्यामागे निव्वळ आळस नव्हता. तेव्हाच्या एटी पद्धतीच्या वीजपुरवठ्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, मदरबोर्डसाठी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डासाठी, सहा-सहा तारांचे दोन जोड निघत. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखेच असत, आणि ते शेजारी-शेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून याव्या लागत. त्यांची अदलाबदल झाली, तर बटण दाबताच बोर्ड जळण्याची शक्यता असे. ‘काळ्याला काळी’ हा मंत्र नवशिक्या कारागिराला सर्वांत आधी शिकवला जाई. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि त्यात वीस तारांचा एकच, उलटा न बसणारा जोड दिला. घरी संगणक बांधण्याची भीती कमी करण्यात या साध्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचा वाटा कोणत्याही प्रोसेसरइतकाच असावा, असे मला वाटते.

गेमने या व्यवहारात प्रवेश केला तो १९९६ च्या सुमारास. थ्रीडीएफएक्स या कंपनीचे व्हूडू हे त्रिमित चित्रांसाठीचे वेगळे कार्ड सामान्य खेळाडूच्या आवाक्यात आले, याला त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले हे मोठे कारण होते. एका खाचेत ते कार्ड बसवले की कार्यालयीन कामाचे यंत्र गेमचे यंत्र होई. १९९८ चा सेलेरॉन ३००ए तर असेंबलवाल्यांच्या दंतकथेचा भाग झाला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाच्या वेगावर, साडेचार पटीने चालणारा हा स्वस्त प्रोसेसर बस १०० वर नेली की ४५० मेगाहर्ट्झने धावे आणि कित्येक पट महाग पेंटियमच्या जवळ पोचे. हमी देणारी कोणतीही कंपनी असले यंत्र विकण्यास धजावली नसती. बांधणाऱ्याची खरी कमाई इथे होती.

या स्वस्ताईचा काही भाग मात्र उसना होता, हे नोंदवले पाहिजे. कंपनीच्या यंत्राच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेला असे. असेंबल यंत्रात तो बहुधा चोरीचा असे. पावती न घेतल्यास भाव उतरे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस लेबलावर लिहिलेली शक्ती क्वचितच देई. माझे पहिले ग्राफिक्स कार्ड अशाच एका एसएमपीएसने खाल्ले आणि कोटेशनात वाचवलेले पैसे एका संध्याकाळीच फिटले.

जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराखाली संगणक आणि त्यांचे भाग यांवरील सीमाशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले आणि करांनी पाडलेली दरी बुजू लागली. पुढे १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीने सुटे भाग व तयार यंत्र दोन्हींवर १८ टक्केच कर ठेवला. विसंगती उरली ती मॉनिटरची : वीस इंचांहून मोठ्या, बत्तीस इंचांपर्यंतच्या पडद्यावर २०१८ अखेरपर्यंत २८ टक्के कर होता.

करांची दरी बुजली, पण बांधावे की घ्यावे याचा निकाल भावांच्या हाती गेला. २०१७ च्या अखेरीपासून, आणि पुन्हा २०२० ते २०२२ या काळात, आभासी चलनाच्या खाणकामासाठी, म्हणजे संगणकाकडून गणिते सोडवून ते चलन मिळवण्यासाठी, ग्राफिक्स कार्डे उचलली जाऊ लागली. दुसऱ्या वेळी चिपटंचाईची त्यात भर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर किमतीने बाजारात आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डावर ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने खाणकाम मंदावणारी मर्यादा घातली होती. पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, ती चुकून निघाली. सुटे कार्ड दुप्पट भावाला मिळत असताना मोठ्या कंपन्यांना ठोक पुरवठा चालू होता, म्हणून चाळीस वर्षांचा हिशेब उलटला आणि तयार यंत्र किंवा गेमिंग लॅपटॉप स्वस्त पडू लागला. ज्यांना बांधायचेच होते, त्यांना आधार मिळाला तो एएमडीच्या रायझन ५ २४००जीसारख्या प्रोसेसरांचा. फेब्रुवारी २०१८ मधील १६९ डॉलरच्या या चिपमध्येच कामचलाऊ ग्राफिक्स होते, त्यामुळे कार्ड पुढे कधीतरी घेता येई. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडली आणि वापरलेली कार्डे बाजारात लोटली.

२०२५ च्या अखेरीस पेच पुन्हा मेमरीवर आला, यावेळी उलट्या दिशेने. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी उत्पादनाचा मोठा वाटा उचलल्यामुळे रॅमचे, म्हणजे मेमरीचे, भाव चढले, आणि ती बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रूशियल या नावाने ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. ज्या कंपन्यांच्या गोदामात जुन्या भावाने घेतलेली रॅम बसवलेली यंत्रे पडून होती, त्यांचे पारडे तो साठा संपेपर्यंत जड राहणार होते. सुटी रॅम घेणाऱ्याला मात्र त्या दिवसाचाच भाव मोजावा लागत होता.